वाचनालयातल्या प्रौढ गटासाठी मोफत ऑनलाइन कोर्स : खरंच फुकट काय आहे आणि सुरुवात कुठून करावी?

कपाटाची_किल्ली (प्रश्न)

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात १४ प्रौढांचा अभ्यासगट सुरू होतोय. वयं ३५ ते ६२, शिक्षण दहावीपासून पदवीपर्यंत, जवळजवळ सगळे मराठी माध्यमातले. इंग्रजी वाचतात, पण ओळीवर बोट ठेवून. परदेशी उच्चार कानाला लागत नाहीत. वाचनालयात ६ जुने डेस्कटॉप आहेत आणि ब्रॉडबँडची एक जोडणी, जी संध्याकाळी सहानंतर मान टाकते. शनिवार-रविवार दुपारी दीड-दीड तास जमणार. पैसे शून्य.

लोकांनी मागितलेले विषय : हिशेब ठेवणं (चौघांचा बचतगटाशी संबंध आहे), स्प्रेडशीट, मानसशास्त्राची ओळख, आकाश, आणि दोघांना एआय म्हणजे काय ते समजून घ्यायचंय. नोकरी किंवा पदवी हा हेतू नाही. तरी शेवटी हातात एखादा कागद पडला तर सगळ्यांनाच बरं वाटेल.

फ्री म्हणून दाखवलेल्या कित्येक साइट पाचव्या मिनिटाला कार्ड मागतात, मग फुकट नक्की कुठलं? मराठीत काही मिळतं का? आणि असे गट तिसऱ्या आठवड्यात गळतात म्हणतात, ते कशामुळे? "टॉप २५ वेबसाइट" छापाच्या याद्या कृपया नकोत, त्या पुष्कळ वाचून झाल्या.

सायंशाळा

आधी "फुकट" हा शब्द फोडून घ्या, म्हणजे निम्मा गोंधळ मिटतो.

शिकणं फुकट आणि शेवटचा कागदही फुकट, असं देणाऱ्या जागा थोड्या आहेत. शिकणं फुकट पण परीक्षेला पैसे, हा आपल्या केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन कोर्सच्या साइटचा प्रकार. फ्यूचरलर्न आणि एडएक्सचा ऑडिट मार्ग (प्रमाणपत्राशिवाय नुसतं शिकणं) म्हणजे मुदतीपुरतं फुकट : ठरावीक आठवडे झाले की मजकूर बंद, आणि सावकाश वाचणाऱ्या गटाला नेमका तिथेच फटका बसतो. कोर्सेरावर ऑडिटची बारीक अक्षरातली लिंक पूर्वी बऱ्याच कोर्सना असायची, आता अनेकांना पहिलं मॉड्यूल तेवढं उघडं असतं. अनेक कोर्स एकत्र बांधलेल्या मालिकेच्या पानावरून आत शिरलात तर ७ दिवसांची चाचणी आणि कार्डाची मागणी समोर येते. मालिकेतला सुटा कोर्स शोधून उघडावा. ॲलिसनवर मजकूर फुकट आहे, पण जाहिराती फार, चाचणीत ८० टक्के हवेत आणि प्रमाणपत्र विकत.

तुमच्या गटाला मी पहिल्या प्रकाराच्या पलीकडे नेणारच नाही. त्यात सगळ्यात सोयीचं म्हणजे ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं ओपनलर्न. ते २००६ पासून चालू आहे, कोर्स बहुतेक तासाभरापासून २४ तासांपर्यंतचे आणि मुख्यतः मजकुराचे, व्हिडिओ अधूनमधून. बोट ठेवून वाचणाऱ्याला हे फार मानवतं, कारण व्हिडिओ पळतो, मजकूर पळत नाही. प्रत्येक कोर्सवर पातळी लिहिलेली असते. "इंट्रोडक्टरी" असेल तेवढेच घ्या. हिशेबासाठी "इंट्रोडक्शन टू बुककीपिंग अँड अकाउंटिंग" हा ८ तासांचा आहे आणि सुरुवातच आकडेमोडीच्या उजळणीने होते. मानसशास्त्राला "स्टार्टिंग विथ सायकॉलॉजी". आकाशासाठी "मून्स ऑफ अवर सोलर सिस्टिम" छान आहे, पण तो २४ तासांचा, लगेच नको. "मॅनेजिंग माय मनी" नावाला भुलून घेऊ नका. तिकडचा कर, तिकडचं पेन्शन, तिकडचं गृहकर्ज, इकडे त्यातलं फार थोडं लागू पडतं.

आता जिथे लोक हमखास अडकतात ते.

कोर्स खात्याशिवायही वाचता येतो, आणि घोटाळा त्यातूनच होतो. सहभागाचं पत्र मिळायला खात्यात शिरून "एनरोल" करावं लागतं आणि प्रत्येक पान उघडल्याची नोंद व्हावी लागते. आधी नुसतं वाचलेलं मोजलं जात नाही. पीडीएफ किंवा वर्ड फाइल उतरवून घरी वाचलेलंही मोजलं जात नाही. त्यामुळे तुमच्या सहानंतर मान टाकणाऱ्या जोडणीवर उपाय असा : पहिल्या दिवशी सगळ्यांची खाती काढून एनरोल करा, पीडीएफ उतरवून छापा, आठवडाभर कागदावर वाचू द्या आणि शनिवारी संगणकावर तीच पानं एकेक करून पुढे सरकवा. दहा मिनिटांचं काम आहे.

बॅज, म्हणजे ऑनलाइन बिल्ला, देणारे कोर्स वेगळे. त्यातले बरेच ८ आठवडे, दर आठवड्याला ३ तास असे बेतलेले असतात. चौथ्या आणि आठव्या आठवड्याची प्रश्नमंजुषा मोजली जाते आणि दोन्हींत किमान ५० टक्के लागतात. प्रत्येक प्रश्नाला तीन संधी असतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या संधीला गुण घटतात. म्हणजे सगळी उत्तरं शेवटी बरोबर येऊनही एकूण ५० टक्क्यांच्या खाली राहता येतं, आणि "सगळं हिरवं दिसतंय मग बॅज का नाही" असं विचारणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात. पुन्हा द्यायची तर २४ तास थांबावं लागतं. अंदाजे ठोकायची सवय असणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा : पहिलं उत्तर कागदावर लिहा, मग टिचकी मारा.

आणखी एक गोष्ट, जी वाचनालयाने तरी सोडू नये. ओपनलर्नचा बहुतांश मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर आहे : श्रेय द्यायचं, धंदा करायचा नाही आणि आपण केलेलं काम त्याच परवान्याने पुढे द्यायचं. या तीन अटी पाळल्या तर छापता येतं, वाटता येतं, मराठीत उतरवताही येतं. काही छायाचित्रं आणि उतारे तिसऱ्याच्या मालकीचे असतात. ते कोर्सच्या शेवटच्या श्रेयनामावलीत दिलेले असतात, तेवढे गाळा. आठ तासांचा हिशेबाचा कोर्स चौघांनी वाटून घेऊन मराठीत आणला तर पुढच्या बॅचचा भाषेचा प्रश्नच उरत नाही.

बाकावरचा_तिसरा

स्वयमवर कुणी सविस्तर बोलेलसं दिसत नाही, म्हणून लिहितो.

स्वयम २०१७ च्या जुलैत सुरू झालं. त्यावर नऊ समन्वयक संस्था आहेत आणि त्यांचे नियम एकसारखे नाहीत. मी पुढे लिहितोय ते एनपीटीईएलबद्दल, म्हणजे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या कोर्सबद्दल. ४, ८ आणि १२ आठवड्यांचे कोर्स, सत्रं जानेवारी आणि जुलै अशी दोन. बारा आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३० तासांची व्याख्यानं असतात, चार आठवड्यांच्याला १०. व्याख्यानं, टिपणं, दर आठवड्याची असाइनमेंट, चर्चामंच, हे सगळं फुकट. प्रमाणपत्रासाठी केंद्रावर जाऊन परीक्षा, तिचं शुल्क कोर्समागे १००० रुपये.

इथे दोन वेगळ्या नोंदण्या आहेत आणि हे ठाऊक नसल्याने दर सत्राला लोक परीक्षेला मुकतात. कोर्सला "जॉइन" करणं ही एक नोंदणी. परीक्षेचा अर्ज ही दुसरी, तिचा दुवा सत्र चालू झाल्यावर येतो, तिची मुदत वेगळी, शहर तिथेच निवडायचं. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. ओळखपत्रावर "विठाबाई" आणि अर्जात लाडाने "विठा" असं झालं की केंद्रावर आणि नंतर प्रमाणपत्रावर कटकट होते.

गुणांचं गणित असं. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, आठच्याला ६, चारच्याला ३. त्यांच्या सरासरीचे २५ टक्के, परीक्षेचे ७५ टक्के. पण नुसती बेरीज पुरत नाही. दोन्हीकडे वेगवेगळी पायरी आहे, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०.

समजा एकाची असाइनमेंटची सरासरी ७२, म्हणजे १८ गुण. परीक्षेत १०० पैकी ४८, म्हणजे ३६. एकूण ५४, पास. दुसऱ्याने असाइनमेंट कंटाळून अर्ध्यावर सोडल्या, सरासरी ३६, म्हणजे ९ गुण. परीक्षेत मात्र त्याला ९० पडले, म्हणजे ६७.५. एकूण ७६.५ होऊनही प्रमाणपत्र नाही, कारण ९ हे १० पेक्षा कमी. हुशार पण आळशी माणसाची गाडी बरोबर इथे रुतते.

असाइनमेंटची मुदत बहुतेक बुधवारी रात्री ११:५९ ला संपते आणि वाढवून मिळत नाही. तुमचा गट शनिवार-रविवारी बसणार, तेव्हा रविवारीच भरून टाकायची शिस्त लावा. बुधवारी रात्री गावातली वीज कुणाच्या हातात आहे?

आता खरं सांगायचं तर तुमच्या गटातल्या फार थोड्यांना एनपीटीईएल सुचवेन. यातले बरेच कोर्स अभियांत्रिकीच्या मुलांना समोर धरून केलेले आहेत. कोर्सच्या पानावर "इंटेंडेड ऑडियन्स" आणि "प्रीरिक्विझिट्स" अशा दोन ओळी असतात. बाकीचं वर्णन वाचण्याआधी त्या वाचा. तिथे "फर्स्ट इयर मॅथेमॅटिक्स" असं काही दिसलं तर पान बंद.

कंचेभागुबेव

मराठीत काय आहे, या प्रश्नाला सरळ उत्तर : स्प्रेडशीटसाठी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. एकेक धडा दहा मिनिटांच्या आसपास, आवाज मराठीत, पडद्यावरची अक्षरं मात्र इंग्रजीतच. काही लोक यावर नाक मुरडतात. पण तुमच्यासमोर उद्या जो संगणक येणार त्यावरचा मेनू इंग्रजीतच असणार ना? कानाने मराठी आणि डोळ्याने इंग्रजी, ही जोडी शिकणाऱ्याच्या पथ्यावरच पडते.

लिबरऑफिस कॅल्कची मालिका घ्या. कॅल्क हा लिबरऑफिसमधला स्प्रेडशीटचा भाग. लिबरऑफिस स्वतः फुकट आहे, जुन्या डेस्कटॉपवरही चालतं. पाहायची त्यांची एक ठरलेली पद्धत आहे : पडद्याचा एक तृतीयांश भाग धड्याला, उरलेला कॅल्कला. धडा अर्धा मिनिट चालवायचा, थांबवायचा, तेच शेजारी करायचं, पुढे जायचं. दहा मिनिटांच्या धड्याला अशाने ३० ते ४० मिनिटं लागतात आणि ती लागलीच पाहिजेत. प्रोजेक्टरवर सगळ्यांना एकदम दाखवलंत तर सगळे माना डोलावतील आणि घरी जाऊन कुणालाही काही येणार नाही.

मालिकेतले बरेच धडे लिबरऑफिस ३.३.४ वर केलेले आहेत, त्यामुळे मेनू थोडे हललेत. धड्यात ओळ घालायला "इन्सर्ट" मेनू उघडतात. आताच्या आवृत्तीत ते "शीट" मेनूत गेलंय. सहा संगणकांवर सहा आवृत्त्या ठेवू नका, एकच टाका आणि पहिला धडा चालवणाऱ्याने आधी स्वतः करून बदललेल्या जागा फळ्यावर लिहून ठेवाव्यात.

पुढची भानगड धड्यांत शोधत बसू नका, पण प्रत्येक गटात होते. तारखा. संगणकाची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर कॅल्क आधी महिना वाचतं. तुम्ही ०५/०४ असं ५ एप्रिल म्हणून टाकलंत की ते ४ मे होतं, मुकाट्याने. २५/०४ टाकलंत तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून ते नुसता मजकूर म्हणून राहतं. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या तारखाच नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे : तारीख किंवा आकडा असेल तर तो चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. कंट्रोल आणि एफ८ दाबलं की आकडे निळे, सूत्रं हिरवी, मजकूर काळा दिसतो. बेरीज शून्य येते म्हणून ओरड झाली की आधी हेच दाबा. आकडे काळे दिसले तर ते आकडे नाहीतच.

उपाय कामाला लागण्याआधी करायचा. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, तिथे लोकेल (तारखा-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते) "इंग्लिश (इंडिया)" करा. आधी भरलेल्या चौकटी याने सुधारत नाहीत. मजकूर होऊन पडलेल्या तारखांचा रकाना निवडून "डेटा" मेनूतल्या "टेक्स्ट टू कॉलम्स"मध्ये प्रकार दिवस-महिना-वर्ष असा द्या, त्या सुधारतील. जी ५ एप्रिलची ४ मे झाली ती मात्र मूळ कागद बघून हातानेच भरावी लागते.

प्रमाणपत्राबद्दल : स्पोकन ट्युटोरियलची चाचणी संस्थेमार्फत नोंदणी झाल्यावर होते, एकट्याने धडे पाहून कागद मिळत नाही. जवळच्या महाविद्यालयात त्यांचा समन्वयक असेल तर विचारून बघा. नसेल तर शिका आणि पुढे चला.

खतावणी

हिशेबाच्या चौघांसाठी थोडं जवळून.

ओपनलर्नचा कोर्स चांगला आहे, पौंडांचा रुपया करून वाचलात की झालं, द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोनदा लिहायची) लंडनला काय आणि लातूरला काय एकच. शेजारी बालभारतीचं अकरावीचं पुस्तपालन आणि लेखाकर्माचं मराठी पुस्तक ठेवा, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे. शब्द तिथून उचला : जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद.

गोंधळ होतो तो डेबिट-क्रेडिटवर, आणि मराठी माणसाचा जरा जास्त होतो. एक, जुन्या देशी नामे पद्धतीच्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. कोर्समध्ये डेबिट म्हणजे नावे डावीकडे. घरात जुनी वही पाहिलेल्याला सगळं उलटं दिसतं. दोन, बँकेचं पासबुक. तिथे आपण भरलेले पैसे "क्रेडिट" म्हणून छापलेले असतात, आणि कोर्स सांगतो बँक खातं डेबिट करा. दोन्ही बरोबर आहे. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे, आणि बँकेच्या वहीत आपण धनको. आपल्या वहीत बँक आपली ऋणको. हे एकदा फळ्यावर दोन वह्या शेजारी-शेजारी काढून दाखवलं नाही तर माणूस पहिल्याच प्रकरणात हाय खातो.

सराव पुस्तकातल्या काल्पनिक दुकानाचा करू नका, बचतगटाच्या एका महिन्याचा करा. १० सदस्यांनी २०० रुपये भरले : रोख खाते नावे २०००, सदस्य बचत जमा २०००. त्यातले १८०० बँकेत भरले : बँक नावे, रोख जमा. बँकेने ३६ रुपये व्याज दिलं : बँक नावे ३६, व्याज जमा ३६. एका सदस्याला बँकेतून १००० कर्ज दिलं : सदस्य कर्ज नावे, बँक जमा. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची यादी, काढा. नावे बाजूला रोख २००, बँक ८३६, कर्ज १०००, मिळून २०३६. जमा बाजूला बचत २०००, व्याज ३६, मिळून २०३६.

जुळली नाही तर पुसून पहिल्यापासून करू नका, फरक बघा. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल तर बहुधा अंकांची अदलाबदल : ८३६ चे ८६३ झाले तर फरक २७. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली तर ती नोंद चुकीच्या बाजूला गेलीय : ३६ व्याज नावे बाजूला टाकलं तर फरक ७२. आणि तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं कुणी समजू नये. नोंद पूर्ण विसरलात तर दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात आणि तेरीज हसतमुखाने जुळते.

निळी_शाई

गळती तिसऱ्या आठवड्यात का होते ते कोर्सवर छापलेल्या तासांत दडलेलं आहे. "३ तास" हे इंग्रजी सहज वाचणाऱ्याचे ३ तास. तुमच्या गटाला त्यासाठी कदाचित ५ तासही पुरणार नाहीत. तुमच्याकडे आठवड्याला एकूण ३ आहेत. पहिला आठवडा उत्साहावर निघतो, दुसऱ्यात थोडं मागे, तिसऱ्यात मागचं आणि पुढचं मिळून डोंगर. म्हणून ८ तासांचा कोर्स धरा आणि त्याला ६ शनिवार-रविवार द्या. २४ तासांचे बॅजवाले कोर्स पहिल्या फेरीत बाद. सायंशाळा यांनी सांगितलेला छापील कागदाचा मार्ग हे अंतर भरून काढायलाच उपयोगी आहे.

ब्राउझरच्या भाषांतराचा मोह सगळ्यांना होणार. उतारा समजायला ठीक, प्रश्नमंजुषेच्या पानावर बंद ठेवा. तांत्रिक शब्दाचं भाषांतर रोजच्या अर्थाने होऊ शकतं : गणितातली "पॉवर" म्हणजे घात, तिची शक्ती होते, संख्याशास्त्रातला "मीन" म्हणजे मध्य, त्याचा "अर्थ" होतो. पर्यायी उत्तरांत असं एक जरी झालं तरी माणूस बरोबर समजून चूक उत्तर देतो. मराठी शब्द हवा असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश ऑनलाइन आहेत, आणि संकल्पनेसाठी मराठी विश्वकोश. इंग्रजी शब्द, मराठी शब्द, एक ओळ उदाहरण, अशी एक वही वाचनालयाच्या टेबलावर ठेवा. महिन्याभरात कोर्सपेक्षा तीच जास्त हाताळली जाईल.

एआयच्या दोघांना हेलसिंकी विद्यापीठाचा "एलिमेंट्स ऑफ एआय". २०१८ पासून आहे, प्रोग्रामिंग लागत नाही, प्रमाणपत्रासकट फुकट. ६ प्रकरणं, २५ स्वाध्याय. ९० टक्के स्वाध्याय केलेले हवेत आणि ५० टक्के बरोबर हवेत. अडतात ते तिसऱ्या प्रकरणात, बेझच्या नियमापाशी, म्हणजे नवी माहिती कळली की शक्यता कशी बदलायची ते सांगणाऱ्या सूत्रापाशी. तिथे "ऑड्स" (होण्याचं न होण्याशी प्रमाण) हा शब्द येतो आणि तो टक्क्यांसारखा वाचला जातो. ३:१ म्हणजे चार खेपांत तीनदा, ७५ टक्के. १:३ म्हणजे २५ टक्के, ३३ नव्हे. हे एक वाक्य आधी पक्कं करून मगच त्या प्रकरणाला हात घालायचा. लिहून द्यायची उत्तरं इंग्रजीत असतात, दोन-चार साधी वाक्यं पुरतात.

सायंशाळा

निळी_शाई यांच्याशी एका बाबतीत मतभेद. ६ शनिवार-रविवार हे हिशेबाला ठीक, मानसशास्त्राला फार होतील. तिथे आकडेमोड नाही, वाचायचं आणि बोलायचं आहे. ते लोक कंटाळून जातील. त्यांना ३ द्या.

आणि १४ जणांत ५ विषय एकदम नका काढू. हिशेब आणि कॅल्क एकाच टोळीला द्या, कारण खतावणी यांचा तो महिना कॅल्कमध्येच भरता येतो. मानसशास्त्र दुसरी टोळी. एआयचे दोघे आपापले करतील, ते मजकुराचंच आहे. आकाशाला तूर्तास कोर्सच नको. स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर एका संगणकावर टाका, त्यात गावाचे अक्षांश-रेखांश भरा आणि रात्री गच्चीवर जा.

कपाटाची_किल्ली

बराच धुरळा खाली बसला, सगळ्यांचे आभार. एक शंका राहिली. संगणक ६ आणि हिशेब-कॅल्कच्या टोळीत ८ जण. एका खात्यावर दोघांनी मिळून कोर्स केला तर चालेल का? आणि अर्ध्या लोकांना स्वतःचा ईमेलच आठवत नाही.

सायंशाळा

एका पडद्यासमोर दोघे, चालेल. एका खात्यावर दोघे, नाही. सहभागाचं पत्र खात्यातल्या एकाच नावाने निघतं. पानं सरकवताना पहिला आपलं खातं उघडून पुढे जातो, मग बाहेर पडून दुसरा. प्रश्नमंजुषा ज्याची त्याने.

ईमेलचं काम पहिल्या वर्गाआधी, वेगळ्या दिवशी करा. त्या दिवशी कोर्सचं नावही काढू नका. प्रत्येकाचा जुना पत्ता शोधायला अर्धा तास जातो, पासवर्ड परत मिळवायचा ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर गेलेला असतो, आणि तो नंबर मुलाच्या नावावर, मुलगा पुण्याला. तिथे जास्त वेळ घालवू नका, सरळ नवा पत्ता काढा, सध्या खिशात असलेला नंबर त्याला जोडा. पासवर्ड वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये नाही, ज्याच्या त्याच्या डायरीत. काम झालं की संगणकावरून लॉगआउट केलंय ना, ते शेवटी उठणाऱ्याने सहाही ठिकाणी बघावं; नाहीतर पुढच्या शनिवारी एकाची पानं दुसऱ्याच्या नावावर सरकतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

खतावणी

८ जणांत ६ संगणक असतील तर दोघांना कागदी खतावणीवर बसवा, पाळीपाळीने. टी आकाराचं खातं आधी पेन्सिलीने काढलेलं बरं. कॅल्कमध्ये बेरीज आपोआप येते, त्यामुळे चूक कुठे झाली ते दिसत नाही.

कपाटाची_किल्ली

ठीक. येत्या शनिवारी फक्त ईमेल आणि लोकेल. छापायला आठ प्रती लागतील, आज पीडीएफ उतरवतो, सहाच्या आत.